वैजूची पाठ

पुणे, 12 ऑगस्ट

प्रिय गड्या,

वैजू तयार आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळातलं तुझं पात्र आता पटावर उभं करायची बाहुली झालं आहे. तळपायापासून डोळ्यांपर्यंत 28 मिलिमीटर. आपण तीन वर्षं ज्या टेबलावर खेळलो, त्याच टेबलावर ती आत्ता माझ्यासमोर उभी आहे आणि शेजारी कॅरमची ती लाल राणी ठेवली आहे, जिला इतके दिवस आपण वैजू म्हणत होतो. पार्सल सोमवारी टाकतो. पण ते उत्रेख्तला पोचण्याआधी हे पत्र वाच. तुझ्या चित्रात मी बरेच बदल केलेत आणि ते का केले, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तू म्हणाला होतास, हिरो फोर्ज या वेबसाइटवर तयार भाग निवडून बाहुली मागवू. 2014 साली ती सोय सुरू झाल्यापासून कितीतरी जणांनी आपली पात्रं तशी करून घेतलीत. मीही तासभर बसलो. पण खांद्यावरून घेतलेली घोंगडीची खोळ काही मनासारखी जमेना आणि वैजूच्या अंगावर झगा चढवायला माझा हात धजेना. मग ब्लेंडर हे थ्री-डी आकार घडवायचं सॉफ्टवेअर उघडलं. (ते मूळचं तुझ्या नेदरलँड्सचंच. 2002 साली जगभरच्या लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं, म्हणून माझ्यासारख्याला आज ते फुकट मिळतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.)

पहिली अडचण आली ती अशी, की तुझ्या वैजूला पाठच नव्हती. तू तिला नेहमी समोरून काढलीस. रात्री अकराला फोन करून मी विचारलं होतं, वेणी घोंगडीच्या आत की बाहेर? तू बराच वेळ गप्प होतास. मग म्हणालास, बाहेर. त्या एका शब्दावर माझे पुढचे चार दिवस गेले, आणि ते जायलाच हवे होते. पटावर आपलं पात्र राक्षसाकडे तोंड करून उभं असतं आणि आपण त्याच्या मागे बसलेले असतो. वैजूचा चेहरा दिसणार तो खेळ चालवणाऱ्याला. तुला संध्याकाळभर दिसणार ती तिची पाठ, तीही वरून, हातभर अंतरावरून. तेव्हा वेणीचे पेड, भात्याचा पट्टा, घोंगडीची घडी हे सगळं मी चेहऱ्याइतकंच जीव लावून केलं आहे.

आता मापाचं. वैजू खरी असती तर साधारण तिच्या पंचावन्नाव्या हिश्शाएवढी ही बाहुली आहे. आठ मिलिमीटर जाडीचा बाण त्या हिशेबाने दीड दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. असा बाण छापताना टिकत नाही आणि टिकलाच तर पहिल्या स्पर्शाला मोडतो. म्हणून बाण पाचपट जाड केला. धनुष्य जाड, मनगटं जाड, पंजे मोठे. डोकंही थोडं मोठं केलं. नाकाची कड आणि घोंगडीच्या चुण्या गरजेपेक्षा खोल कोरल्या, कारण कागदावर तू रेघ ओढून कड दाखवतोस, इथे ती सावलीने दाखवावी लागते. घोंगडीची वीण खऱ्या मापात केली असती तर पृष्ठभाग गुळगुळीत दिसला असता. ती गोणपाटासारखी भरड केली, तेव्हा कुठे ती घोंगडी वाटली.

स्क्रीनवर मोठी करून बघितली तर ती तुला आवडणार नाही. बोटं शेंगांसारखी दिसतात. पण हातात घे, तीच वैजू आहे. आपल्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला आठव. दारावरचा मावळा दारापेक्षा उंच असायचा आणि महाराज बुरुजाएवढे. बोटभर मातीत मिशी दिसायला हवी तर ती मोठीच काढावी लागते, हे त्या कुंभारांना पक्कं माहीत होतं.

बाहुली आधी की पात्र आधी, याचाही एक छान किस्सा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला, तो बाहुल्यांनी खेळायच्या युद्धखेळांतून. आणि त्यातला आउलबेअर, म्हणजे तुझ्या वैजूला पहिल्याच मोहिमेत लोळवणारा तो घुबडतोंड्या अस्वल, गायगॅक्सना सुचला तो दुकानातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून. त्यांनी बाहुली बघून प्राणी रचला, आपण प्राणी रचून बाहुली काढतोय.

छपाई पहिल्यांदा फसली. रेझिनच्या, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाच्या, थ्री-डी छपाईत बाहुली उलटी टांगलेली असते. खालच्या पडद्यातून 405 नॅनोमीटरचा प्रकाश येतो, एक थर घट्ट होतो, पट्टी वर उचलली जाते, की पुढचा थर. थर 0.05 मिलिमीटरचा, म्हणजे तळासकट 35 मिलिमीटरच्या वैजूचे सातशे. घोंगडीची खोळ आतून पोकळ, वाटीसारखी. प्रत्येक उचलीला तिच्यात निर्वात पोकळी होऊन ती खाली ओढली जायची आणि शेवटी अख्खी वैजू आधाराच्या काड्यांवरून सुटून तळाशी चिकटली. मग तिला मागे कलती केली, वाटीचं तोंड प्रकाशाच्या थेट समोर येणार नाही अशी. वेणीचं टोक अधांतरी सुरू होत होतं, त्याला वेगळा आधार दिला. चेहऱ्याला एकही आधार लावला नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. अल्कोहोलमध्ये धुऊन, हातमोजे न काढता एकेक आधार कापताना माझा श्वास अडकला होता.

धनुष्याची दोरी मात्र छापलीच नाही. ती दोनदा तुटली, म्हणून सगळ्यात बारीक तंगूस आणून फेविक्विकने चिकटवली. सुटे दोन तुकडे पाकिटात टाकलेत.

रंगाला पावसाने फार छळलं. दमट हवेत प्रायमरचा फवारा खरखरीत बसतो, त्यामुळे आठ दिवस उन्हाची वाट पाहिली. आधी सगळीकडून काळा, मग डोक्यावरून पांढरा, म्हणजे ऊन पडल्यासारखी सावली आपोआप येते. घोंगडीवर शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला आणि तिचा एकेक धागा वर आला. त्या क्षणी तू इथे हवा होतास.

डोळे मी रंगवलेले नाहीत. पेणचे मूर्तिकार डोळ्यांची आखणी शेवटी करतात आणि ती कुणाच्याही हाती देत नाहीत. तुझ्या चित्रात वैजू किंचित डावीकडे बघते. कुणाकडे, ते तू कधीच सांगितलं नाहीस, आणि बुबुळाचा ठिपका केसभर सरकला की नजर बदलते. सोबत अगदी बारीक ब्रश पाठवतोय. आधी पांढरा न देता मळका पिवळट दे, आणि ठिपका चुकला तर ओल्या ब्रशने लगेच पूस.

डब्यात एक जादा वैजू आहे, न रंगवलेली. तिच्यावर आधी हात बसव. आणि नव्या गटाबरोबर पहिल्यांदा खेळशील तेव्हा तुझ्या खुर्चीवरून दिसते तशी वैजू, पाठीमागून, फोटो काढून पाठव. राणी मी कॅरमच्या डब्यात परत टाकत नाहीये. ती टेबलावरच राहील.

तुझा,
वाड्यातला किल्लेदार