फलक वाचतो कोण?

महोदय,

गेल्या महिन्यात जनावरांच्या लसीकरणाची सूचना आमच्याकडे फलकावर लागली. वाचली असेल चौघांनी. पण दळण घेऊन गिरणीत आलेल्या एका मावशींच्या कानावर ती पडली आणि दिवेलागणीपर्यंत वस्तीवरच्या शेवटच्या गोठ्यात पोचली.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी कर्नाटकातल्या खेड्यांत हेच शास्त्रशुद्ध तपासले. तांदूळ किंवा रॉकेल उसने कुणाकडून आणता, देवळात कुणाबरोबर जाता, सल्ला कुणाचा घेता, असे घरोघरी विचारून त्यांनी नात्यांचे जाळे कागदावर मांडले. मग साधाच प्रश्न: जत्रेची बातमी गावभर करायची तर कुणाला सांगू? लोकांनी घेतलेली नावे बहुधा त्या जाळ्याच्या मध्यभागीच निघाली! पुढे २१३ गावांत एका सोडतीची माहिती मोजक्याच लोकांना दिली. मानकऱ्यांना सांगितले तिथल्यापेक्षा ‘गावगप्पां’साठी सुचवलेल्यांना सांगितले तिथून सोडतीत भाग घेण्यासाठी जास्त फोन आले. हरियाणात बाळांच्या लसीकरणालाही अशाच माणसांचा उपयोग झाला. २०१९ मध्ये हे सारे प्रसिद्ध झाले आहे.

आपल्याकडे मात्र योजना आली की सरपंच, पोलीस पाटील आणि फ्लेक्स. (फ्लेक्सवर माहितीपेक्षा चेहरे जास्त, ते वेगळेच.) आरोग्य आणि पशुसंवर्धन विभागांनी पुढच्या मोहिमेआधी गावात एवढे एकच विचारावे: ‘इथे बातमी कोण पसरवते?’ आमच्या गावाचे उत्तर गिरणीत मिळेल.

— एक वाचक, तासगाव