थ्रेडला मालक हवा: ताईंना एक खुलं पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

राजवाड्याचं त्रिमितीय मॉडेल दाखवणारा आमचा प्रोग्रॅम आता कधीही बंद करा, मुकाट्याने बंद होतो. हे तुमच्यामुळे झालं, आणि आमच्या गटाबाहेर इंदुरात ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. त्या नक्षीची टेक्स्चर्स (मॉडेलवर चढवायची चित्रं) प्रचंड मोठी, म्हणून एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामाची एक धार, मागे फायली वाचून चित्रं उलगडतो (हा आमचा लोडर) आणि मुख्य थ्रेड पडद्यावर रेखाटत राहतो. लोडिंग चालू असताना खिडकी बंद केली की प्रोग्रॅम कधी क्रॅश व्हायचा, कधी नाही. वेगवान मशीनवर तर कधीच नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: बंद होताना जरा स्लीप (थोडा वेळ थांबणं) टाका, नाहीतर थ्रेड डिटॅच करा, म्हणजे मोकळा सोडून द्या. तुम्ही दोन्हींना साफ नकार दिलात. स्लीपमुळे बग जात नाही, फक्त कमी वेळा दिसतो. आणि डिटॅच केलेला थ्रेड आपली तयार चित्रांची रांग, आपला म्युटेक्स (दोन थ्रेडनी एकाच वेळी रांगेला हात लावू नये म्हणूनचं कुलूप) नष्ट झाल्यावरही त्यांना हात लावत राहतो.

मग तुम्ही कागदावर दोन आडव्या रेघा ओढल्या, एक खिडकीच्या आयुष्याची, एक थ्रेडच्या. थ्रेडची रेघ जिथे पुढे गेली तिथे पेन टेकवून म्हणालात, "शेवटचा माणूस बाहेर पडल्याशिवाय घराला कुलूप लावायचं नाही." त्यानंतर कोडमध्ये पहिला बदल केलात तो एका ओळीचा. क्लासमधला थ्रेड उचलून सगळ्या मेंबर्सच्या (क्लासमध्ये ठेवलेल्या वस्तूंच्या) खाली नेलात. आमच्या सी प्लस प्लस या भाषेत मेंबर्स ज्या क्रमाने लिहिले त्याच्या उलट क्रमाने नष्ट होतात. म्हणजे सगळ्यात शेवटी लिहिलेला थ्रेड सगळ्यात आधी आवरतो, आणि तोवर रांग नि म्युटेक्स शाबूत असतात. साधा थ्रेड जॉइन (तो संपेपर्यंत वाट बघणं) किंवा डिटॅच न करता नष्ट झाला तर अख्खा प्रोग्रॅमच संपवला जातो, म्हणून तुम्ही सी प्लस प्लस 20 मधला जेथ्रेड घेतलात. त्याचा डिस्ट्रक्टर (नष्ट होताना आपोआप चालणारा कोड) आधी थांबायची विनंती करतो, मग जॉइन करून वाट बघतो.

पण ती विनंतीच आहे, हे तुम्ही किती वेळा बजावलंत! थ्रेडने ती स्वतः तपासली पाहिजे. फाइल वाचायला लागलेला थ्रेड मध्येच उठत नाही, म्हणून दर चित्रानंतर तपासणी. आणि सगळ्यात अवघड जागा तुम्ही दाखवलीत ती भरलेल्या रांगेची. रांग रिकामी व्हावी म्हणून लोडर मुख्य थ्रेडची वाट बघतोय, मुख्य थ्रेड जॉइनमध्ये लोडरची वाट बघतोय, आणि दोघेही जन्मभर तिथेच. क्रॅश नाही, एरर नाही, नुसती गोठलेली खिडकी. आता त्या प्रतीक्षेलाही स्टॉप टोकन (थांबायची विनंती कळवणारी खूण) दिलं आहे, त्यामुळे थांबायची विनंती आली की लोडर जागा होतो. ही गाठ मला एकटीला सापडली नसती.

पडद्यावर रेखाटणाऱ्या ओपनजीएलचं बंधनही तुम्हीच पक्कं करून घेतलंत: एक कॉन्टेक्स्ट (रेखाटनाची सगळी स्थिती) एका वेळी एकाच थ्रेडवर चालू असतो, म्हणून लोडरने फक्त पिक्सेल तयार करायचे, टेक्स्चर बनवणं आणि पुसणं मुख्य थ्रेडचं काम, तेही कॉन्टेक्स्ट जिवंत असेतोवर.

आता कुणीही नवा थ्रेड लिहिला की गटातला कुणी ना कुणी विचारतोच, "याला जॉइन कोण करणार?" उत्तर मिळाल्याशिवाय कोड पुढे जात नाही.

ताई, एवढं सगळं तुम्ही नोकरी सांभाळून, एका पैचीही अपेक्षा न ठेवता, न कंटाळता शिकवलंत. मनापासून आभार. वरच्या मजल्यांचं लाकूडकाम भरायला घेतलं आहे, त्यासाठी एकाऐवजी चार लोडर लागतील. चौघांना थांबवण्याचा आराखडा पाठवला आहे. सवडीने बघून चुका सांगाल ना?

आपली,
राजवाडा मॉडेल गटातली एक,
इंदूर