जुगाराच्या ईमेलमागचा दलाल शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रिय मित्रा, तुझ्या ५०० मोफत फिरक्या तुझी वाट पाहत आहेत.’ अशा मायन्याचे ईमेल मला गेल्या दिवाळीपासून येत आहेत. फिरकी म्हटले की माझ्या पिढीला सुभाष गुप्ते आठवतात, त्यामुळे पहिले दोन मी क्रिकेटचे समजून उघडले. हे ‘फ्री स्पिन’चे यंत्राने केलेले मराठी असून ऑनलाइन कॅसिनोची जाहिरात आहे, हा उलगडा सुनेने केला. ती संगणकाच्या क्षेत्रात आहे. मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये आयुष्यभर टपालाची छाननी केली. तिच्याकडून जे समजले आणि जुन्या सवयीने मी जे ताडले, ते मांडतो.

हे ईमेल बहुधा कॅसिनो स्वतः पाठवतच नाही. मध्ये दलाल असतो. त्याला ‘अफिलिएट’ असे गोंडस नाव आहे. त्याच्या लिंकच्या शेपटाला एक सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो. त्या लिंकवरून मी गेलो, खाते उघडले, पैसे भरले की ते गिऱ्हाईक त्या क्रमांकाच्या नावे जमा. मग त्याला एकरकमी दलाली मिळते किंवा मी जेवढे हरेन त्यात वाटा, तोही मी खेळत असेपर्यंत. मटक्याच्या दिवसांत पानपट्टीवर चिठ्ठ्या घेणारा याच हिशेबाने कमिशन खायचा. पण त्याला तोंड होते, गल्ली होती. पोरगा पगार उधळू लागला की आई जाऊन त्याची गचांडी धरू शकत होती. मांडवीतली कॅसिनोची जहाजेसुद्धा निदान पणजीला नांगर टाकून उभी असतात, ज्याला जायचे तो जातो. हे मात्र बिनबोलावता माझ्या खिशातल्या फोनपर्यंत येतात.

कायदा नाही असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच. चर्चा मात्र झाली ती जाहिरातीतल्या नटांची आणि क्रिकेटपटूंची. मागच्या दाराने लाखो पत्त्यांवर ईमेल सोडणारा दलाल त्या चर्चेत कुठेच नव्हता. आमच्या खात्याला हा प्रकार नवा नव्हता. १८९८च्या टपाल अधिनियमातल्या कलम १९-अ प्रमाणे विनापरवाना लॉटरीची तिकिटेच काय, तिची जाहिरातसुद्धा टपालाने पाठवायला बंदी होती. तो अधिनियम आता इतिहासजमा झाला, पण ज्याने कुणी हे कलम लिहिले त्याला पत्रातून येणारा जुगार चांगला ठाऊक होता.

सुनेची पहिली ताकीद होती, “बाबा, खालचे ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका हं.” ओळखीच्या दुकानाचे किंवा बँकेचे पत्रक असेल तर ते दाबावे, फरक पडतो. अशा अनोळखी पत्रात दाबले तर पत्ता जिवंत आहे, माणूस वाचतो आहे, एवढे त्यांना कळते आणि पत्रे वाढतात. ईमेलमधली चित्रे आपोआप उघडू देणेही तसेच, कारण चित्र त्यांच्या यंत्रावरून मागवले जाते आणि तिथे नोंद होते. सेटिंगमध्ये ते बंद करता येते. ‘स्पॅम’ म्हणून कळवायचे आणि उत्तर द्यायचे नाही, शिवी देण्यापुरतेही नाही. (मी एकदा दिली होती.)

पण माझा पत्ता गेला कुठून? जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचे चिन्ह टाकून पुढे काहीही लिहिले तरी पत्र आपल्यालाच येते. जुन्या टपालातल्या ‘द्वारा’सारखे. एका प्रदर्शनात सोडतीची चिठ्ठी भरताना मी गंमत म्हणून तसा पत्ता दिला होता. चार महिन्यांनी कॅसिनोची पत्रे त्याच ‘द्वारा’वर आली. मिक्सर लागला नाही तो नाहीच.

आता मुद्द्याचे. प्रत्येक ईमेलच्या पोटात तो कोणकोणत्या सर्व्हरवरून आला त्याच्या नोंदी असतात. जीमेलमध्ये संगणकावर ‘शो ओरिजिनल’ केले की दिसतात. आमच्या भाषेत हे ठिकठिकाणचे टपालाचे शिक्के. पाठवणाऱ्याचे नाव खोटे असते, सुरुवातीचे शिक्केही बनावट असू शकतात, पण आपल्या बाजूच्या सर्व्हरने मारलेला शेवटचा शिक्का त्याला बदलता येत नाही. शिवाय लिंकमधला तो दलालीचा क्रमांक. तो खोटा टाकून दलालाला चालतच नाही, नाहीतर कमिशन बुडेल! त्या क्रमांकामागे कुठले तरी खाते आहे आणि त्या खात्यात पैसे जातात. तपास करणाऱ्याला यापेक्षा सरळ धागा कुठला हवा?

नकोशा एसएमएसची तक्रार करायला १९०९ हा फोन क्रमांक आहे. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० आहे. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर संशयित संकेतस्थळ कळवता येते, पण तिथले रकाने भरता भरता माझ्या वयाचा माणूस नाद सोडतो. जुगाराचा ईमेल जसाच्या तसा, शिक्क्यांसकट, जोडून पाठवता येईल असा एकच पत्ता सरकारने जाहीर करावा आणि १९३० इतका तोंडी करावा. साधे ‘फॉरवर्ड’ केले तर मूळ शिक्के गळतात, तेव्हा ते कसे जोडायचे हेही चार ओळींत मराठीत सांगावे. आलेल्या पत्रांतले दलालीचे क्रमांक वेगळे काढून कोणता किती वेळा येतो हे मोजायला एक कारकून पुरे.

माझ्याकडच्या ४१ पत्रांत मी ते मोजले. ४१ पत्रे, ४१ निरनिराळी पाठवणारी नावे आणि क्रमांक फक्त तीन. सगळी पत्रे जपून ठेवली आहेत. मागणारा भेटला की देईन.

— एक निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज