सोमवारपासून वर्गात जरा एवढं बघा

सगळ्या सर-मॅडमना रिमाइंडर, सोमवारपासून लेक्चर सुरू होतायत आणि यंदा एफवायला दोन अंध आणि एक कमी ऐकू येणारी मुलगी आहे. नोट्स पाठवताना प्लीज झेरॉक्सचे फोटो काढून पीडीएफ करू नका, स्क्रीन रीडरला (अंध मुलांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो नुसता फोटो दिसतो, आणि श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधलं टायपिंग तर तो अक्षरशः अगडबगड वाचतो (मी एकदा हेडफोन लावून ऐकलंय, हसू पण आलं आणि लाज पण वाटली), त्यामुळे युनिकोडमध्येच (मोबाईलवर मराठी टाईप होतं तसं) टाईप करून एक दिवस आधी ग्रुपवर टाका. फळ्यावर लिहिताना "हे इथून वजा केलं" असं न म्हणता काय वजा केलं ते बोला, आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका, ती मुलगी ओठ बघून समजून घेते.

परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा, ही मेहेरबानी नाही, 2016 च्या दिव्यांग कायद्यानंतर 2018 ला केंद्राच्या गाईडलाईन्सच आल्यात. अंतर्गत टेस्टलाही तसंच करूया. लेखनिकाचे अर्ज आत्ताच भरून घ्या, आदल्या दिवशी धावपळ नको. लिफ्ट अजून बंदच आहे, तोवर त्यांचे वर्ग तळमजल्यावर.