चि. मनूस

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा तुला स्वारगेटच्या गाडीत बसवून दिलं आणि तशीच लॅबमध्ये गेले. इतकी वर्षं लोकांचे रिपोर्ट टाइप करते, तुझं नाव टाइप करताना हात थांबला. जेवणाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसलेय.

पाळी चालवणारी तुझी संप्रेरकं बघ: एलएच खाली, एफएसएच जेमतेम, इस्ट्रोजेन तळाला. तुझी रूममेट म्हणते तसं हे पीसीओडी, म्हणजे बीजकोशातला बिघाड, असं नाही, डॉक्टरही हेच म्हणाल्या. बीजकोश ठीक आहेत, वरून हुकूम येत नाही. खाणं कमी पडलं, चरबी उतरली की चरबीतून रक्तात येणारं लेप्टिन घटतं आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस पाळीचे इशारे मंद करतो. घरात धान्य संपत आलं की बाई पाहुण्यांना 'पुढच्या महिन्यात या' म्हणते, तसं. दिवाळीपासून पाळी नाही आणि तू म्हणतेस, कटकट गेली! मे महिन्यात तुझे हात गार लागले मला.

सकाळी काय खाल्लंस? नको, राहू दे.

हाडं याच वयात भरतात गं. इस्ट्रोजेन नसेल तर ती भरायची राहतात, आणि पुढे सगळं भरून निघतंच असं नाही. आक्काआजी मोरीत पडली तेव्हा तू सातवीत होतीस. तिच्या उशाशी बसून गणितं सोडवायचीस, मध्येच तिला पाणी पाजायचीस. गोळ्यांनी पाळी येईलही, पण ती गोळ्यांचीच. आणि पाळी नाही म्हणून दिवस जात नाहीत असं समजू नकोस, बीज पाळीच्या आधी सुटतं. आईने हे लिहावं का? लिहिलं.

भाषण झालं, रागावू नकोस. 1500 मीटरचं तुझं पदक मी आल्यागेल्याला दाखवते. धावू नकोस असं म्हणत नाहीये. पण 'दोन किलो उतरव' म्हणणाऱ्या सरांना सांग, ऑलिम्पिक समितीने 2014 सालीच याला, खेळाडूच्या अंगाला खाणं पुरत नाही त्याला, 'रेड-एस' नाव दिलंय, मुलांनाही होतं ते. खाणं सावरलं की बहुतेकींची पाळी परत येते, वेळ लागतो इतकंच. आणि ताटासमोर बसून रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बुधवारी अकराची वेळ घेतलीय. बाबा न्यायला येतील. त्यांना मी थायरॉइड म्हणून सांगितलंय, तेव्हा गाडीत तू काही बोलू नकोस. डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत, मैत्रिणींना वाट. एक तरी तू खा.

तुझी,
आई