टी-शर्टच्या धंद्यात भांडवल चित्राचेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरबसल्या करता येण्याजोग्या उद्योगांविषयी अधूनमधून माहिती येते आणि त्यात ‘प्रिंट ऑन डिमांड’ पद्धतीने स्वतःच्या डिझाइनचे टी-शर्ट ऑनलाइन विकण्याचा उल्लेख हमखास असतो. दुकान नको, माल भरून ठेवायला नको, यंत्र नको. चित्र काढावे, छपाईची सेवा देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चढवावे, ग्राहकाची मागणी आली की कंपनीच तो एक टी-शर्ट छापते, पाकिटात घालते आणि कुरिअरने रवाना करते, असे त्याचे वर्णन असते. ते खरेच आहे. सिंधुदुर्गातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत असे आणि माझे काही माजी विद्यार्थी आज हाच उद्योग करतात, त्यामुळे तो जवळून पाहायला मिळतो. परंतु दुकान, माल आणि यंत्र ही सगळी वजा केल्यावर विक्रेत्याच्या हातात स्वतःचे म्हणून फक्त चित्र उरते, आणि आपल्याकडे हेळसांड होते ती नेमकी त्याचीच, हे त्या वर्णनात येत नाही.

हिशेब मांडला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. समजा, टी-शर्टची किंमत करासह ५९९ रुपये ठेवली. त्यातून ५ टक्के जीएसटीचे सुमारे २८ रुपये गेले, कापड आणि छपाई मिळून कंपनीने ३२० रुपये घेतले, कुरिअरचे ७० आणि ऑनलाइन पैसे स्वीकारण्याच्या सेवेचे १४ रुपये धरले, तर चित्रकाराच्या पदरात १६५-१६७ रुपये पडतात. समाजमाध्यमांवर जाहिरात केली तर तिचा खर्चही त्यातूनच. ‘घरपोच आल्यावर पैसे’ या अटीवर मागवलेले पाकीट ग्राहकाने दारातूनच परत पाठवले आणि तो टी-शर्ट पुन्हा विकला गेला नाही, तर कापड-छपाई आणि दोन्ही वेळचे कुरिअर मिळून ४६० रुपये अंगावर येतात, म्हणजे जवळजवळ तीन टी-शर्टांची कमाई एका नकाराने धुऊन निघते. कोरा टी-शर्ट बहुधा तिरुपूरचा, छपाई कुठल्या तरी मोठ्या शहरातली, वाहतूक तिसऱ्याची. मालवणच्या बंदरावर दोनशे रुपयांत टी-शर्ट मिळत असताना एखादा ग्राहक सहाशे मोजतो, ते चित्र त्याला दुसरीकडे मिळत नाही म्हणूनच. ज्या दिवशी ते दुसरीकडे मिळू लागते, त्या दिवशी हा सगळा हिशेब कोसळतो.

चित्रासाठी विषयांची वाण कोकणात कधीच नव्हती. तरीही बाजारात फेरी मारली तर माड, होडी, मावळतीचा सूर्य आणि ‘येवा, कोकण आपलोच आसा’ एवढ्यावरच बहुतेकांची कल्पनाशक्ती थांबलेली दिसते. असे घोषवाक्य कोणाच्या मालकीचे नसते, तेव्हा ते कोणीही छापावे. पण म्हणूनच त्याच्यावर कोणाचा चरितार्थ चालणार नाही. उलट कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी येथील सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पे पाहावीत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलेल्या या आकृती मुळातच रेषांच्या आहेत, आणि ही गोष्ट छपाईच्या दृष्टीने फार सोयीची आहे. छपाईच्या डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) पद्धतीत चित्र आधी फिल्मवर छापून, गोंदाची भुकटी लावून, उष्णतेच्या दाबाने कापडावर चिकटवतात. छातीभर पसरलेला असा सलग ठोकळा आपल्या मे महिन्यातल्या दमट हवेत अंगाला चिकटतो आणि त्याच्या आत घाम साचतो. डीटीजी (डायरेक्ट टू गारमेंट) पद्धतीत शाई थेट सुती कापडात जाते, पण कापड काळे किंवा गडद असेल तर खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, म्हणून तिथेही भरगच्च चित्र जडच होते. रेषेचे चित्र मात्र दोन्ही पद्धतींत कापडाला श्वास घेऊ देते. हा विचार चित्र काढणाऱ्यानेच करायचा असतो, कारण कंपनी जे मिळेल ते छापून मोकळी होते.

विषय आपला असला म्हणजे समोर आलेले प्रत्येक चित्र आपले होत नाही, हे मात्र मुलांना कोणीतरी सांगायला हवे. कातळशिल्पांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. परंतु संशोधकाने किंवा छायाचित्रकाराने घेतलेल्या छायाचित्रावर त्याचा हक्क असतो, आणि त्या छायाचित्रावरून जशीच्या तशी रेषा उमटवून घेतली तर ती त्याच्याच कामाची नक्कल ठरू शकते. सड्यावर स्वतः जाऊन रेखाटन करण्याला पर्याय नाही, आणि आपल्या मुलांना तर तो सडा एसटीच्या अंतरावर आहे. हेच सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचे. दशावतारी गंजिफांचे दहा रंग, प्रत्येकात राजा आणि प्रधान धरून बारा, अशी एकशेवीस गोल पाने होतात. ही रचना परंपरेची आहे, पण आज एखाद्या कलाकाराने रंगवलेले मत्स्याचे किंवा परशुरामाचे पान हे त्या कलाकाराचेच असते. पिंगुळीच्या चित्रकथीला, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेला, परशुराम गंगावणे यांच्या २०२१ मधील पद्मश्रीमुळे देशभर नाव मिळाले. ही कला जपणाऱ्या घराण्यांकडून चित्र घ्यायचे तर रीतसर विचारून, नाव देऊन आणि प्रत्येक विक्रीमागे ठरलेला वाटा देऊन घ्यावे. मोबाइलवर फोटो काढून आणून नव्हे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ते शैलीवर मक्तेदारी देत नसले तरी नावाला संरक्षण देते, तेव्हा दोन त्रिकोण जोडून काढलेल्या कुठल्याही माणसाखाली ‘अस्सल वारली’ असे लिहिण्यापूर्वी विचार करावा. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र ‘बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५०’ च्या अनुसूचीत समाविष्ट असून, केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी त्यांचा वापर करण्यास तो कायदा मनाई करतो. असे टी-शर्ट बाजारात सर्रास दिसतात म्हणून ते नियमात बसतात असे नाही.

आता स्वतःच्या चित्राच्या संरक्षणाविषयी. मूळ चित्र काढल्याबरोबर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्यावर चित्रकाराचा हक्क आपोआप निर्माण होतो आणि तो त्याच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास ती पुराव्याच्या कामी येते. एवढे अनेकजण ऐकून असतात. त्याच कायद्याचे पंधरावे कलम मात्र सहसा कोणी सांगत नाही. जे डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, ते औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूवर उमटवले गेले की त्यावरचा कॉपीराइट संपतो, असे ते कलम म्हणते. टी-शर्टवरचे चित्र हे ‘कलाकृती’ की ‘डिझाइन’, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ तात्त्विक राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये या भेदासाठी कसोटी घालून दिली असली तरी प्रत्येक प्रकरणाचा निवाडा त्याच्या त्याच्या तपशिलावरच होणार. तेव्हा जे चित्र खपेल अशी खात्री वाटते, त्याची डिझाइन म्हणून नोंदणी करून घेणे शहाणपणाचे. व्यक्तीने अर्ज केल्यास शुल्क १,००० रुपये आहे, संरक्षण आधी दहा आणि मुदतवाढ घेतल्यास एकूण पंधरा वर्षांचे मिळते. अडचण अशी, की डिझाइन नवीन असले पाहिजे, म्हणजे अर्जाच्या आधी ते कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. आपली मुले तर चित्राचा रंग वाळण्यापूर्वी ते इन्स्टाग्रामवर टाकतात. क्रम उलटा हवा: आधी अर्ज, मग प्रदर्शन. आणि अपलोड करताना ज्या अटींना आपण न वाचता होकार देतो, त्यांत चित्र वापरण्याचा किती हक्क आपण कंपनीला देतो आणि खाते बंद केल्यावर तो संपतो की नाही, एवढे तरी वाचावे.

हे सारे मी पुस्तकी चिंतेपोटी लिहीत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, किनाऱ्यावर ओढणाऱ्या माणसांची एक ओळ काढली होती. चेहरे नाहीत, केवळ वाकलेल्या पाठी आणि ताणलेला दोर, तोही टी-शर्टच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत गेलेला. ते चित्र चांगले खपू लागले आणि काही आठवड्यांतच एका दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावर दिसू लागले. नक्कल करणाऱ्याने दोर मध्येच तोडून चित्र चौकटीत बसवले होते, त्यामुळे माणसे कशाला ओढत आहेत तेच कळत नव्हते, पण किंमत शंभर रुपयांनी कमी होती. तक्रारीचा अर्ज भरताना तिच्याकडे मूळ पेन्सिल-रेखाटने, तारखांसह जपलेल्या संगणकीय फाइली आणि प्रत्येक थर वेगळा ठेवलेले मूळ चित्र होते, म्हणून ते पान उतरवले गेले. ज्यांच्याकडे शेवटची एकच फाइल असते त्यांना आपले चित्र आपलेच आहे हे पटवून देणे फार जड जाते. तिचा पहिल्या हंगामातला खप अर्थातच गेला तो गेला.

चित्राची हेळसांड आणखी एका रीतीने होते आणि ती आपण स्वतःच करतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, वाटेत दाबून लहान झालेले चित्र छपाईला पाठवले जाते. बारा बाय सोळा इंचाच्या छपाईला इंचामागे तीनशे बिंदू हवेत, म्हणजे ३६०० बाय ४८०० पिक्सेल. पार्श्वभूमी पारदर्शक न केल्याने काळ्या टी-शर्टवर पांढरा चौकोन येतो. अक्षरांची तर दैनाच. ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द छातीवर छापलेला मी असा पाहिला आहे, की पहिली वेलांटी ‘स’च्या पुढे जाऊन बसलेली आणि शेवटचा रफार ‘ग’वर न चढता पाय मोडका ‘र’ होऊन मध्येच उभा. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी वेगळी निवडावी लागते आणि फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरांचे आकारांत रूपांतर करावे लागते, म्हणजे समोरच्याच्या संगणकावर ती मोडत नाहीत. फॉन्टलाही परवाना असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बालू यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, ते व्यवसायासाठीही चालतात, मग चोरून उतरवलेल्या फॉन्टची गरजच काय? मराठी माणसाने मराठी अक्षर मोडके छापावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही, असे माझ्यातल्या शिक्षिकेला वाटते.

कराच्या बाबतीत थोडक्यात सांगते. सेवा देणारी कंपनीच विक्रेती असेल आणि चित्रकाराला केवळ मानधन मिळत असेल तर त्याच्यावरचा भार हलका असतो. स्वतःच विक्रेता असाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना ऑनलाइन बाजारपेठेतून राज्यांतर्गत विक्री जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन करता येते. राज्याबाहेर विक्री करायची तर पहिल्या टी-शर्टपासून नोंदणी लागते. बांद्याच्या मुलाने नागपूरला पाठवलेले पाकीट राज्यांतर्गत आणि हाकेच्या अंतरावरच्या, पण गोव्यातल्या पेडण्याला पाठवलेले आंतरराज्य, हा प्रकार सरहद्दीवरच्या आम्हा लोकांना विचित्र वाटला तरी नियम तसा आहे. शिवाय कंपनीचे गोदाम परराज्यात असेल तर माल तिथूनच निघतो, म्हणून आधी करसल्लागाराला विचारलेले बरे.

माझे म्हणणे मुख्यतः ओरोस आणि रत्नागिरी येथील जिल्हा उद्योग केंद्रांपाशी आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांच्या अर्जांत यंत्रसामग्री आणि खेळते भांडवल यांचा तपशील द्यावा लागतो. ज्याचे भांडवल वहीत आणि संगणकात आहे, त्याने तिथे काय लिहावे? केंद्रांनी महिन्यातून एक दिवस डिझाइन आणि कॉपीराइट नोंदणीचे अर्ज भरून देण्यासाठी जाणकार माणूस बसवावा, आणि लहान चित्रकारांचे निदान पहिल्या काही अर्जांचे शुल्क एखाद्या योजनेतून भरले जाईल असे पाहावे. यंत्रासाठी दिल्या जाणाऱ्या अनुदानापुढे ही रक्कम नगण्य आहे. सावर्डे येथील कला महाविद्यालयासारख्या संस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षात या विषयाची चार व्याख्याने दिली तरी पुष्कळ होईल.

आणि एक विनंती आपल्यालाही. पुरवणीत पर्यटनाच्या किंवा खरेदीच्या मजकुराबरोबर अशा टी-शर्टांची छायाचित्रे येतात तेव्हा त्यांखाली दुकानाचे नाव असते, छायाचित्र टिपणाऱ्याचेही असते, पण त्यावरचे चित्र कोणी काढले ते नसते. यापुढे छायाचित्र घेताना बातमीदाराने विक्रेत्याला चित्रकाराचे नाव विचारावे आणि तेही छापावे. विक्रेत्याला ते सांगता आले नाही, तर ते छायाचित्र छापायचे की नाही याचा निर्णय आपण घ्यालच.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग