दौत खाणारा माणूस

पंचवटी, नाशिक

प्रिय बंड्या,

एकांकिकेची संहिता वाचली. तुझा लेनिन तीन भाषणं ठोकतो आणि एकदाही काही खात नाही! खरा लेनिन तुरुंगात चक्क दौती खायचा. तो प्रसंग घे, एक भाषण आपोआप गळेल.

डिसेंबर १८९५ मध्ये पीटर्सबर्गला पकडला तेव्हा गडी पंचविशीतला. पुढे चौदा महिने आत. लिखाण बाहेर धाडायचं तर पुस्तकातल्या छापील ओळींच्या मधे दुधाने लिहायचं. बाहेरच्यांनी कागद तापवला की अक्षरं तपकिरी उमटत. दूध ठेवायला पावाच्या गराच्या इवल्या दौती. दाराची झडप वाजली की दौत तोंडात. ‘आज सहा दौती खाल्ल्या’ असं त्याने गमतीने कळवलं होतं, हे त्याची बायको क्रुप्स्काया हिच्या आठवणींत आहे.

आता प्रयोगाचं. लादीपाव ताजा घेऊ नकोस, दूध लगेच शोषून त्याचा लगदा होतो. कालचा घे, कड काढ, गर मुठीत घट्ट मळ. बोराएवढी गोळी, मधे करंगळीने खळगा, त्यात चारच थेंब. याहून मोठी केलीस तर नटाच्या घशात अडकेल. गिळल्यावर दोन वाक्यं समोरच्याला दे. म्हशीचं दूध नको, स्निग्धांशाने कागद तेलकट दिसतो आणि गुपित तिथेच फुटतं. गाईचं, साय काढलेलं. टाक वापरलास तर कागदावर ओरखडे राहतात, त्यापेक्षा काडीचं टोक बोथट करून लिही. अर्धा तास वाळू दे. नंतर कोरडी गरम इस्त्री. वाफ बंद हवी. दुधातली प्रथिनं आणि साखर कागदाच्या आधी करपतात, एवढीच सगळी जादू. मेणबत्तीवर धरलास तर अक्षरांऐवजी भोक पडेल, आणि एलईडी दिवा तर तेवढा तापतच नाही. अर्थात हे साईखेडकर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला दिसणार नाही. तिथे नुसतं घाईने चावणं दिसलं तरी पुरे.

दुसरं बुद्धिबळ. लेनिनचा हा नाद वडिलांकडून आलेला. तरुणपणी खार्दिन नावाच्या वकिलाशी टपालाने डाव चालायचे. सैबेरियात शुशेन्स्कोयेला हद्दपार असताना सोंगट्या त्याने झाडाच्या सालीतून स्वतः कोरल्या. टपालातले डाव डोक्यात इतके घोळायचे की झोपेतही चाली बरळायचा. ‘हात लावला की चाल’ हा त्याचा नियम. तुझा नट प्यादं उचलून परत ठेवतो, तेवढं बदल. सोंगट्या प्लॅस्टिकच्या चकचकीत नकोत. सावंतवाडीची खेळणी करतात ते पांगाऱ्याचं लाकूड चाकूने सहज कापलं जातं. हत्ती-उंट ओबडधोबडच राहू देत.

पुढे कामाच्या आड येतं म्हणून त्याने हा खेळ जवळजवळ सोडला. शाळेत स्केटिंगही असंच सोडलेलं, खेळून आल्यावर झोप यायची म्हणून. मला विचारशील तर नाटक इथे आहे. तू ते भाषणांत शोधतोयस.

लग्नाच्या प्रवेशात सोन्याच्या अंगठ्या दिसल्या, त्या काढ. १८९८ साली शुशेन्स्कोयेत लग्न झालं तेव्हा एंगबर्ग नावाच्या फिनलंडच्या हद्दपार सोबत्याने तांब्याच्या नाण्यांच्या घडवून दिल्या होत्या. जुन्या नाशकात एखाद्या तांबटाकडून तांब्याच्या तारेच्या वळवून घे. आणि त्या चिंचेने घासू नकोस, काळपटच शोभतील.

तुझा,
नाना